लिंडी हॉप शिकायचाय? आधी नाचाच्या रात्रींचे पैसे बाजूला काढा

स्विंग डान्स शिकायला खर्च किती येतो, हे न्यू जर्सीतली मराठी मंडळी मला नेहमी विचारतात. विचारणाऱ्याला एकच आकडा हवा असतो, म्हणून तो आधीच सांगून टाकते. न्यूयॉर्क परिसरात नवख्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांसाठी साधारण ७०० ते ८०० डॉलर धरावेत, गाडीभाडं वेगळं. पण तेवढेच पैसे दोन माणसं दोन तऱ्हांनी घालवतात, आणि सहा महिन्यांनी एकाला नाचता येतं, दुसऱ्याला नुसत्या स्टेप्स येतात. हा फरक कशाने पडतो ते नीट समजून घेतलं, तर पुढची कित्येक वर्षं तुमचे पैसे योग्य जागी जातील.

पहिली गोष्ट, ‘स्विंग’ अशी पाटी दिसली म्हणून लगेच पैसे भरू नका. या नावाखाली अनेक नाच शिकवतात. बॉलरूम स्टुडिओत बहुतेक वेळा ईस्ट कोस्ट स्विंग असतो. वेस्ट कोस्ट स्विंगचा बाज वेगळा, तो बहुधा आजच्या पॉप आणि ब्लूज गाण्यांवर चालतो. बॅल्बोआ आणि शॅग हे आणखी निराळे. मी इथे लिहितेय ते लिंडी हॉपबद्दल, म्हणजे हार्लेममधल्या कृष्णवर्णीय तरुण-तरुणींनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस घडवलेल्या आणि बिग बँडच्या संगीतावर वाढलेल्या नाचाबद्दल. फोन केलात तर सरळ विचारा, ‘तुम्ही लिंडी हॉप शिकवता का, आणि तुमच्याकडे नाचाची रात्र असते का?’ दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं तर दुसरी जागा शोधा.

नाचाची रात्र का हवी, हे या नाचाच्या जन्मातच आहे. हार्लेममध्ये लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर, १४०व्या आणि १४१व्या रस्त्याच्या मध्ये, १२ मार्च १९२६ला सॅव्हॉय बॉलरूम उघडलं आणि १९५८पर्यंत चाललं. तिथलं तिकीट ३० सेंट. संध्याकाळी सहानंतर ६०, आठनंतर ८५. गोरे-काळे एकाच फ्लोअरवर नाचत, आणि हे त्या काळात अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी घडत होतं. गुरुवारी घरकाम करणाऱ्या बायकांना सुट्टी असे, म्हणून ती रात्र स्वयंपाकघरात राबणाऱ्यांची म्हणूनच ओळखली जाई. तिथे कोणी लेव्हल वन, लेव्हल टू करत नव्हतं. चांगलं नाचणारे एका कोपऱ्यात जमत, बाकीचे त्यांना बघून उचलत आणि मग कोणाचा तरी हात धरून करून बघत. नॉर्मा मिलर लहानपणी सॅव्हॉयच्या मागच्याच इमारतीत राहायची. तिकिटाचे पैसे आणि वय दोन्ही नसताना आगीच्या जिन्यावरून खिडक्यांतला नाच बघत ती शिकली, आणि पुढे व्हाइटीज लिंडी हॉपर्स या नामांकित संघातून तिने जग पाहिलं. आजच्या माणसाला क्लास लागतो, कारण आपल्या घरामागे सॅव्हॉय नाही. पण क्लासचं काम एवढंच, की तुम्हाला फ्लोअरवर पाऊल टाकता यावं. नाच फ्लोअरवरच शिकला जातो.

म्हणून सुरुवात फुकटात किंवा नुसत्या तिकिटात करा. बहुतेक नाचाच्या रात्रींच्या आधी अर्धा-पाऊण तास नवख्यांसाठी धडा असतो आणि तो प्रवेशाच्या तिकिटातच येतो. डीजे असेल तर हे तिकीट १० ते २० डॉलर, बँड असेल तर २० ते ३०. उन्हाळ्यात लिंकन सेंटरच्या आवारात मोकळ्या आकाशाखाली फुकट नाच असतो. रोज स्विंग नसतो, तेव्हा तारखा बघून जा. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या मराठी वाचकांचं नशीब आणखी चांगलं. तिथे गोल्डन गेट पार्कमध्ये दर रविवारी ‘लिंडी इन द पार्क’ भरतं. १९९६पासून ते चालू आहे, नाचही फुकट आणि नवख्यांचा धडाही फुकट. अशा ठिकाणी दोनतीनदा जाऊन आलात की आपल्याला हे आवडतंय की नाही, हे पैसे भरण्याआधीच कळतं.

त्यानंतर क्लास. नवख्यांची मालिका बहुधा चार आठवड्यांची असते, दर आठवड्याला एक तास किंवा सव्वा तास. न्यूयॉर्कमध्ये तिची फी साधारण ८० ते ११० डॉलर, एकेका दिवसाचे भरले तर २० ते २५. लहान शहरांत, विशेषतः विद्यापीठाच्या गावांत, विद्यार्थी मंडळं यापेक्षा कितीतरी स्वस्तात शिकवतात, आणि बाहेरच्यांनाही येऊ देतात. या पहिल्या मालिकेत सहा मात्रांचे पाय येतात. रॉक स्टेप म्हणजे मागे एक पाऊल आणि परत जागेवर, मग दोन ट्रिपल स्टेप, म्हणजे दोन मात्रांत तीन पावलं. शिवाय चार्ल्स्टन या नाचातलं थोडं. शिकवणाऱ्याने पहिल्याच तासात पायांच्या आधी गुडघ्यांतली लय घोटून घेतली, म्हणजे संगीताच्या ठोक्याबरोबर सगळं शरीर जरा खाली बसतं आणि सुटतं ती, तर समजा की तुम्ही चांगल्या हातांत आहात. ही लय नसली तर पुढची प्रत्येक स्टेप बरोबर असूनही कोरडी दिसते.

जोडीदार नाही म्हणून थांबलेली माणसं मला फार भेटतात. जोडीदार लागत नाही. वर्गात दर दोनतीन मिनिटांनी जोड्या बदलतात. तुम्ही एकट्याची फी भरता, ‘लीड’ (नाच नेणारा) की ‘फॉलो’ (त्याला साथ देणारा) तेवढं नाव नोंदवताना सांगता, आणि आज बाई लीड करते आणि बुवा फॉलो करतो यात कोणाला नवल वाटत नाही. नवरा-बायको एकत्र येत असाल तर एक आग्रहाची विनंती, जोडी बदलायला नाही म्हणू नका. दोघांनीच नाचलात तर एकमेकांच्या चुकांशी जुळवून घ्यायला शिकाल. नव्या माणसाच्या हातात हात दिला की चूक लगेच कळते. फी तेवढीच, शिक्षण तिप्पट.

आता खर्चाच्या दृष्टीने माझा सर्वांत महत्त्वाचा सल्ला. पहिली मालिका संपली की लगेच दुसऱ्या पायरीचे पैसे भरू नका. पहिलीच पुन्हा करा. अनेक ठिकाणी पुन्हा करणाऱ्याला अर्धी फी असते, विचारल्याशिवाय ती कोणी सांगत नाही. शक्य असेल तर या वेळी दुसरी भूमिका घ्या, लीड केलं असेल तर फॉलो करा. पाठोपाठ वरच्या वर्गात गेलेल्या माणसाच्या डोक्यात वीस मूव्ह्ज असतात आणि गाणं सुरू झालं की एकही आठवत नाही. पहिली मालिका दोनदा केलेला माणूस चार मूव्ह्जमध्ये अख्खं गाणं आनंदाने नाचतो, आणि समोरच्यालाही त्याच्याबरोबर पुन्हा नाचावंसं वाटतं.

वाचलेले पैसे नाचाच्या रात्रींना लावा. सहा महिन्यांत वीस रात्री, सरासरी १५ डॉलर धरून ३०० होतात. हा तुमच्या हिशेबातला सगळ्यात मोठा आकडा असायला हवा. त्यातही सवलती असतात. दारावर तिकिटं फाडायला, खुर्च्या लावायला, शेवटी आवरायला माणसं हवीच असतात, त्यांना प्रवेश फुकट मिळतो. आयोजकांना ईमेल करून नाव द्यायचं, एवढंच. विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी सूट असते. एडिसन किंवा प्रिन्स्टनकडून मॅनहॅटनला येणाऱ्यांनी मात्र ट्रेनचं भाडं आधी बघावं. जाण्या-येण्याचा खर्च तिकिटाला गाठतो आणि बऱ्याचदा ओलांडतोही. त्यांनी आठवड्याला एकदा येण्यापेक्षा महिन्यातून दोनदा यावं, पण त्या दिवशी क्लास आणि नाच दोन्ही करून जावं.

बुटांकडे येते, कारण नवी माणसं सगळ्यात आधी बूट विकत घेतात. पहिले दोन महिने घेऊ नका. रबरी तळाचे धावायचे बूट तेवढे टाळा. ते फरशीला चिकटतात, आणि वळताना पाऊल अडकून राहतं नि गुडघा फिरतो. जुना, तळ गुळगुळीत झालेला कॅनव्हासचा बूट उत्तम. नवा घेतला तर ३० ते ६० डॉलर. त्याला चामड्याचा किंवा स्वेडचा तळ मोच्याकडून लावून घ्यायला आणखी २० ते ४०. खास नाचाचे तयार बूट ८०पासून दीडशेपर्यंत जातात आणि ते वर्षभराने घेतलेले बरे, कारण तोवर तुम्हाला किती घसरण हवी हे तुमच्या पायांनाच कळलेलं असतं. टाचेचे बूट तर बराच काळ नकोतच. कपड्यांवर काही खर्च नाही, फक्त दोन जादा सुती शर्ट आणि एक नॅपकिन पिशवीत असू द्या. तिसऱ्या गाण्यानंतर अंग भिजतं, आणि घामेजलेल्या पाठीवर हात ठेवायला कोणालाच आवडत नाही.

बुटांपेक्षा फ्लोअर महत्त्वाचा, आणि त्याबद्दल कोणी विचारतच नाही. पैसे भरण्याआधी हॉल बघून या. टाच आपटून बघा. लाकडाच्या खाली पोकळी असेल तर आवाज खोल येतो आणि पायाला किंचित उसळी लागते. काँक्रीटवर टाइल किंवा पातळ लॅमिनेट असेल तर आवाज चपटा येतो, आणि दोन तासांनी त्याची किंमत पोटऱ्या आणि गुडघे चुकवतात. सॅव्हॉयचा लाकडी फ्लोअर इतका तुडवला जाई की तो दर तीन वर्षांनी बदलावा लागे.

सहाएक महिन्यांनी तुम्ही स्विंगआउटपाशी येता. लिंडी हॉपचा हा गाभा. आठ मात्रांची ही एकच मूव्ह आहे आणि जुने नाचणारेसुद्धा आयुष्यभर तिच्यावरच काम करत राहतात. पहिल्या दोन मात्रांत दोघं एकमेकांकडे येतात. तीन-चारवर लीडचा हात फॉलोच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली बसतो. पाचवर दोघं वळतात, सहावर फॉलो बाहेर निघते, आणि सात-आठच्या ट्रिपल स्टेपमध्ये दोघांमधला हात ताणला जाऊन दोघं पुन्हा समोरासमोर. लिहायला दोन ओळी लागल्या. करताना मात्र सगळी मेख सहा ते आठमध्ये आहे. लीडने तिथे हाताने ढकललं तर ती फेकली जाते, सोडून दिलं तर ती भरकटते. दोघांनी आपापलं वजन किंचित मागे टाकलं, कोपर अंगापासून सुटू दिलं नाही, बोटं आकड्यासारखी अडकवली आणि अंगठा दाबला नाही, तर मधला ताण आपोआप दोघांना फिरवतो. मराठी बायकांना हे समजावायला मला फार बोलावं लागत नाही. मी फुगडी घालायला लावते. हात सैल सोडला तर पडतो, ओढला तर फिरत नाही, मागे रेललं की वेग येतो. तेच तत्त्व एका हातावर आणि एका क्षणात आणायचं, एवढाच फरक.

हे सुधारायचं तर खाजगी तास घ्यावा का? घ्यावा, पण प्रश्न घेऊन. न्यूयॉर्कमध्ये एका तासाचे ८० ते १५० डॉलर पडतात. ‘मला काहीतरी नवीन शिकवा’ म्हणून गेलात तर नवीन मूव्ह मिळेल आणि आठवड्यात विसराल. ‘पाचव्या मात्रेला माझा उजवा खांदा वर जातो का ते बघा’ म्हणून गेलात तर तो तास वर्षभर पुरेल. मी ज्या शिक्षिकेकडे जाते ती अर्ध्याहून जास्त वेळ संगीतच लावत नाही. एका तासात तिने मला फक्त रॉक स्टेप करायला लावली, माझी दोन बोटं आपल्या दोन बोटांत धरून. मी वजन मागे नेण्याआधी हात ओढते आहे की नंतर, एवढंच ती सांगत राहिली. शेवटची पाच मिनिटं तिने स्वतःच सगळं बोलून माझ्या फोनवर चित्रित करून दिलं. असं चित्रण मागून घ्या, ते फीमध्येच असतं. दोघांनी मिळून एक तास घेतला तर फी विभागते आणि सरावाला जोडीदारही मिळतो. तीन महिन्यांतून एक तास मला पुरेसा वाटतो.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहा. काही बॉलरूम स्टुडिओ पहिला तास फुकट देतात आणि त्याच दिवशी दहा-वीस खाजगी तासांचं पॅकेज समोर ठेवतात. मुलाच्या लग्नातल्या संगीतासाठी एक नाच बसवायला गेलेलं माझ्या ओळखीचं एक जोडपं अशा एका स्टुडिओतून हजारांचा करार करून आलं. तास मुदतीत संपवायचे होते, पैसे परत मिळणार नव्हते, आणि तिथे नाचाची रात्र होती ती फक्त त्यांच्याच विद्यार्थ्यांसाठी, वेगळं तिकीट लावून. त्या रकमेत लिंडी हॉपच्या कुठल्याही गटात दोघांचं दोन वर्षांचं शिक्षण सहज झालं असतं. सही करण्याआधी करार घरी नेऊन वाचायचा, हा साधा नियम इथेही पाळा. मुदत, परतावा आणि शिक्षक बदलला तर काय, या तीन गोष्टी लेखी नसतील तर पैसे देऊ नका.

उड्यांबद्दलही सांगायला हवं, कारण अनेकांना लिंडी हॉप आवडतो तो ‘हेल्झापॉपिन’ या १९४१च्या सिनेमातला नाच बघूनच. जोडीदाराला पाठीवरून पलटवून टाकण्याची पहिली उडी फ्रँकी मॅनिंग आणि फ्रीडा वॉशिंग्टन यांनी १९३५मध्ये सॅव्हॉयच्या स्पर्धेत मारली. ती मारण्याआधी त्यांनी सराव केला होता, खाली गादी घेऊन. आजही नियम तोच. उड्यांचा वेगळा वर्ग, ठरलेला जोडीदार, मॅट आणि दोन्ही बाजूंना झेलायला उभी माणसं. गर्दीच्या फ्लोअरवर उडी मारणाऱ्याबरोबर नाचू नका. अमेरिकेत घोट्याचा एक एक्स-रे आणि तातडीच्या विभागाची एक फेरी यांचं बिल तुमच्या वर्षभराच्या नाचापेक्षा मोठं येऊ शकतं.

फ्रँकी मॅनिंगबद्दल आणखी थोडं. स्विंगचा जमाना ओसरल्यावर या माणसाने जवळजवळ तीस वर्षं टपाल खात्यात नोकरी केली. १९८०च्या दशकात तरुणांनी त्याला शोधून काढलं आणि २००९मध्ये वारेपर्यंत तो जगभर शिकवत फिरला. २६ मे हा त्याचा वाढदिवस जागतिक लिंडी हॉप दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास अनेक शहरांत फुकट किंवा नाममात्र तिकिटाचे नाच असतात, तेव्हा मे महिन्याच्या शेवटी डोळे उघडे ठेवा.

शिबिरांना घाई नको. दोन दिवसांच्या कार्यशाळेची फी १५० ते ३०० डॉलर, वर हॉटेल. नाचाचं एक वर्ष झाल्याशिवाय तिथे शिकवलेलं अंगात राहत नाही. स्वीडनमधल्या हेरेंगचं शिबिर सगळ्यात नावाजलेलं. स्टॉकहोमच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवरचं हे चिमुकलं गाव, १९८२पासून इथे शिबिर भरतं, आणि जुलैत काही आठवडे तिथे पहाटेपर्यंत नाच चालतो. एका आठवड्याचे वर्ग, राहणं आणि जेवण मिळून हजारेक डॉलर धरावेत, विमान वेगळं. राहण्यात मोठी बचत होते. शाळेच्या हॉलमधला बंक किंवा स्वतःचा तंबू चालत असेल तर हा खर्च बराच खाली येतो, आणि तिथे कामाच्या बदल्यात राहण्याची सोयही असते. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसाचे ९० युरो आणि अपॉइंटमेंटसाठी लागणारे आठवडे धरून चला. जुलैत जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल करावी.

ऐकण्याला मात्र काहीही पडत नाही, आणि ऐकल्याशिवाय वरच्या पातळीवर जाता येत नाही. काउंट बेसी, चिक वेब, ड्यूक एलिंग्टन, एला फिट्झजेरल्ड हे रोज कानावर पडू द्या. आपल्या कानांना हे संगीत परकं नाही. लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड १९३५मध्ये मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. त्याच सुराला लागलेले गोव्याचे वादक पुढे हिंदी सिनेमात आले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी संगीत दिलेल्या, भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) त्यांच्यातलाच आल्दोनाचा चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावरच दिसतो.

मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी. मुंबई, बंगळूर, दिल्लीसारख्या शहरांत लिंडी हॉपचे छोटे गट आहेत, इन्स्टाग्रामवर सापडतात. एका तासाची फी साधारण ५०० ते १००० रुपये धरा, कॅनव्हासचे बूट हजाराच्या आत, आणि चामड्याचा तळ नाक्यावरचा मोची तीन-चारशेत लावून देतो. आधी एका बुटाला लावून बघा, कारण गुळगुळीत ग्रॅनाइटवर तो जरुरीपेक्षा जास्त घसरतो. जवळ गट नसेल तर चार-सहा जणांनी मिळून सोसायटीचा हॉल दर आठवड्याला दोन तास घ्यावा. भाडं वाटून माणशी शंभर-दोनशेच पडतं, स्पीकर कोणाकडे तरी असतोच. महिन्यातून एकदा बाहेरच्या शिक्षकाला बोलवावं, बाकीचे आठवडे सराव. टाइल्सवर नाचत असाल तर दर वीस मिनिटांनी बसा, उड्या मारू नका, आणि रात्री दहाच्या आत संगीत बंद करा, नाहीतर पुढच्या महिन्यात हॉल मिळणार नाही.